घाटात निघण्यापूर्वी: चढ, उतार आणि चिखलवाटेसाठीचे डॅशबोर्डवरील दिवे कसे वाचावेत

नाशिकमध्ये नवी गाडी घेतली की पहिल्या महिना-दोन महिन्यांतच ती कोणत्या ना कोणत्या घाटात जाते. कोणी नांदुरीहून सप्तशृंगी गडावर दर्शनाला जातो, कोणी पेठ रस्त्याने सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडतो, कोणी पावसाळ्यात त्र्यंबकहून तोरंगण घाटाने मोखाड्याकडे उतरतो, तर मुंबईला जाणाऱ्यांच्या वाटेत कसारा घाट असतोच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून अनेकजण बोगद्यातून जातात आणि कसारा टाळतात. परंतु त्यामुळे घाटाची सवय नसलेल्या चालकांची संख्या वाढली आहे, असे मला नवशिक्यांच्या शेजारी बसून वाटते. अशा चालकांना प्रत्यक्ष चढ-उतारापेक्षाही त्या वेळी मीटरमध्ये अचानक उजळणारी चित्रे अधिक गोंधळात टाकतात. म्हणून घाटात निघण्याआधी ही चित्रे ओळखून ठेवावीत. त्यासाठीचा क्रम पुढे दिला आहे.

डॅशबोर्डवरील चिन्हांसाठी आयएसओ २५७५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे मुख्य चिन्हे सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकसारखी किंवा बरीच जवळची असतात. मात्र चढ-उताराच्या यंत्रणांची नावे, बटणांच्या जागा आणि काही दिव्यांचे रंग कंपनीनुसार बदलतात. म्हणून हा लेख वाचताना आपल्या गाडीबरोबर आलेली पुस्तिका शेजारी उघडी ठेवावी, आणि जिथे पुस्तिका वेगळे सांगते तिथे पुस्तिकेचेच ऐकावे.

पहिली पायरी: आधी रंग, मग लुकलुकणे, मग चित्र

नवशिका चालक दिवा लागला की त्यातील चित्राकडे पाहत राहतो आणि त्यात त्याचे रस्त्यावरील लक्ष उडते. याउलट, प्रथम फक्त रंग पाहावा, कारण रंग अर्ध्या सेकंदात कळतो. लाल रंगाचा अर्थ धोका असा आहे आणि सुरक्षित जागा मिळताच थांबणे आवश्यक असते. पिवळा किंवा नारिंगी दिवा सावधगिरीची सूचना देतो. एखादी यंत्रणा बंद आहे, मर्यादित आहे किंवा तिच्यात बिघाड आहे, असे तो सांगतो. हिरवा किंवा पांढरा दिवा यंत्रणा चालू अथवा सज्ज असल्याची केवळ माहिती देतो आणि त्याला घाबरण्याचे कारण नसते.

यानंतर दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे हे पाहावे, आणि या विषयात खरी गोम इथेच आहे. गाडीच्या मागे नागमोडी खुणा असलेले पिवळे चित्र, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या ईएससी यंत्रणेचा दिवा, ओल्या वळणावर भराभर लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करीत आहे आणि आपला वेग त्या रस्त्याला जास्त होतो आहे असा त्याचा अर्थ होतो. तोच दिवा स्थिर राहिला तर यंत्रणेतच बिघाड आहे. चित्र आणि रंग तेच असूनही दोन्ही निरोप अगदी भिन्न आहेत. पहिल्या प्रसंगी ॲक्सिलरेटरवरील पाय हलका करावा, दुसऱ्या प्रसंगी आता ही मदत मिळणार नाही हे गृहीत धरून गाडी चालवावी. याच चित्राखाली इंग्रजीत ‘ऑफ’ लिहिलेले असेल, तर यंत्रणा कोणीतरी बटण दाबून बंद केलेली असते. लहान मुले गाडीत बसून बटणे दाबतात तेव्हा हे पुष्कळदा घडते.

दुसरी पायरी: घरासमोरच दिव्यांची हजेरी घ्यावी

इंजिन चालू न करता किल्ली किंवा बटण ‘ऑन’ स्थितीत आणावे. बहुतेक इशाऱ्याचे दिवे काही सेकंद एकदम लागतात आणि विझतात. काही दिवे इंजिन चालू झाल्यावर विझतात. ही गाडीने स्वतःची घेतलेली तपासणी असते. या वेळी जो इशारा-दिवा लागतच नाही, तो बिघाड झाल्यावरही लागणार नाही, म्हणून त्याची नोंद करावी. हे निरीक्षण दोन-तीन वेळा करून मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुस्तिकेतील पानाशी एकेक चित्र शांतपणे जुळवून पाहता येते. हिरवे-पांढरे माहितीचे दिवे मात्र या हजेरीत नेहमी दिसतीलच असे नाही.

तिसरी पायरी: चढावर मदत करणाऱ्या दोन यंत्रणांतील फरक

चढावर थांबून पुन्हा निघताना ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घरंगळते. ते रोखण्यासाठी असलेली यंत्रणा हिल होल्ड, हिल स्टार्ट असिस्ट किंवा हिल असिस्ट अशा नावांनी ओळखली जाते. कल्पना जुनी आहे; अमेरिकेतील स्टुडबेकर कंपनीने क्लचशी जोडलेला असा ब्रेक १९३६ मध्येच आणला होता. आजच्या गाडीत पाय काढल्यावरही ब्रेकमधील दाब साधारण दोन ते तीन सेकंद तसाच राखला जातो आणि नंतर सोडून दिला जातो. बहुतेक गाड्यांत तिला स्वतंत्र बटण नसते आणि ती काम करीत असताना दिवाही लागत नाही. काही गाड्यांत चढावर उभ्या असलेल्या गाडीचे हिरवे चित्र दिसते. पिवळे चित्र दिसले किंवा ईएससीचा पिवळा दिवा स्थिर राहिला, तर हिल होल्ड मिळणार नाही असे समजून जुन्या पद्धतीने हँडब्रेक लावून, क्लच हलकेच उचलून, गाडी ओढू लागल्याचे जाणवल्यावरच हँडब्रेक सोडावा. ही जुनी पद्धत प्रत्येक नव्या चालकाला आलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याची सवय आपल्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळाच्या रॅम्पवर, मागे कोणी नसताना आणि शेजारी अनुभवी व्यक्ती बसवून करता येते. रॅम्पच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवावी, ब्रेक नीट दाबून धरावा, पहिला गिअर टाकावा, मग ब्रेकवरून पाय उचलून गाडी किती वेळ स्थिर राहते हे मनात मोजावे. गाडी मागे सरकू लागताच ब्रेक दाबावा. दोन सेकंद ऐकायला फार थोडे वाटतात, पण पाय हलवायला ते पुरेसे असतात. फोन उचलायला किंवा मागे वळून मुलाशी बोलायला मात्र ते मुळीच पुरत नाहीत.

ऑटो होल्ड ही निराळी गोष्ट आहे. तिचे बटण इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या शेजारी असते आणि ती सपाटीवरही चालते. बटण दाबल्यावर अनेक गाड्यांत पांढरा दिवा लागतो, म्हणजे यंत्रणा सज्ज झाली. गाडी पूर्ण थांबून ब्रेक धरला गेला की तो हिरवा होतो. हिरवा दिसल्यावरच पाय काढावा. दार उघडले, पट्टा सोडला किंवा बराच वेळ गेला की पुष्कळ गाड्या आपणहून हँडब्रेक लावतात आणि वर्तुळातील ‘पी’ लाल होतो. उतारावर गाडी सोडून खाली उतरताना केवळ हिरव्या दिव्यावर विसंबू नये, लाल ‘पी’ डोळ्यांनी पाहूनच दार उघडावे.

चौथी पायरी: उताराचा दिवा, आणि तो कधी लावू नये

तिरप्या रेषेवरून खाली तोंड करून उतरणारी गाडी, हे हिल डिसेंट कंट्रोलचे चिन्ह आहे. काही कंपन्या तिला डाउनहिल ब्रेक कंट्रोल, काही डाउनहिल असिस्ट कंट्रोल म्हणतात. लँड रोव्हरने १९९७ च्या फ्रीलँडरमध्ये ही सोय आणली; त्या गाडीला लो गिअरचा वेगळा दांडा नव्हता, म्हणून उतारावर इंजिनाकडून कमी पडणारा रोध चाके जॅम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या साहाय्याने ब्रेकमधून मिळवला गेला. यंत्रणेचा जन्म असा झाला हे ध्यानात ठेवले की तिचा उपयोग आणि तिची मर्यादा दोन्ही आपोआप कळतात.

बटण दाबल्यावर हिरवे किंवा पांढरे चित्र स्थिर दिसते. याचा अर्थ यंत्रणा सज्ज आहे एवढाच. ती गाडी अडवून धरत आहे असा मुळीच नाही. वेग ठरलेल्या मर्यादेत आला आणि उतार पुरेसा तीव्र असला की ती प्रत्येक चाकाचा ब्रेक आळीपाळीने लावू-सोडू लागते, आणि अनेक गाड्यांत त्या वेळी चित्र लुकलुकते. बॉनेटखालून घरघर ऐकू येते, ब्रेकचे पेडल थरथरते. नवख्या माणसाला काहीतरी मोडले असे वाटते आणि तो घाबरून क्लच दाबतो, त्यामुळे इंजिनाचा रोधही जातो आणि गाडी अधिक सुटते. आवाज आणि थरथर दोन्ही नेहमीचीच आहेत. पाय दोन्ही पेडलांवरून अलगद वर ठेवावा, ब्रेकच्या जवळ असू द्यावा आणि लक्ष पूर्णपणे स्टिअरिंगवर ठेवावे.

वेगाची ही मर्यादा गाडीनुसार वेगळी असते, परंतु पुष्कळ गाड्यांत ती ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आसपास असते. त्यापुढे गेल्यास चित्र दिसत राहिले तरी यंत्रणा काही करीत नाही, आणि आणखी वेग वाढल्यास ती पूर्ण बंद होते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हिरवे चित्र पाहून निश्चिंतपणे ब्रेकवरचा पाय काढला, तेव्हा गाडीचा वेग या मर्यादेच्या वर होता; पुढचे वळण त्यांनी कसेबसे घेतले. दिवा खोटे बोलत नव्हता, ‘सज्ज’ आणि ‘कार्यरत’ यांतील फरक त्यांना कोणी समजावून दिला नव्हता.

आता सर्वांत महत्त्वाचे. नांदुरी ते गड हा सुमारे १० किलोमीटरचा डांबरी घाट किंवा कसारा घाट उतरताना ही यंत्रणा लावून बसणे योग्य नाही. ती लहान, तीव्र, निसरड्या आणि संथ उतारासाठी आहे: शेतात उतरणारी ओली पायवाट, धरणाच्या काठचा कच्चा रस्ता, मुरमाची घसरण. लांब घाटात ती सतत ब्रेकच वापरत राहते, पॅड आणि डिस्क तापतात, आणि ब्रेक फार तापल्यास यंत्रणा स्वतःला थांबवते. तेव्हा चित्र पिवळे होते किंवा मीटरमध्ये तसा संदेश येतो. डांबरी घाटात ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही सर्वोत्तम आहे. आधुनिक गाड्यांत कधीकधी त्याहून एक गिअर खालीच ठेवावा लागतो. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल स्थिती, ‘एल’ किंवा ‘एस’ यांपैकी जे असेल ते वापरावे. न्यूट्रल कधीही करू नये. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

पाचवी पायरी: एकदम चार-पाच पिवळे दिवे लागले तर

इगतपुरीच्या पावसात किंवा गिरणारे परिसरातल्या द्राक्षबागांच्या काळ्या चिखलातून बाहेर आल्यावर पुष्कळांना हा अनुभव येतो. एबीएस, ईएससी, हिल होल्ड, उताराची गाडी असे सगळे दिवे एकदम उजळतात आणि गाडीचे सर्वस्व बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात या सर्व यंत्रणांचा मूळ आधार एकच आहे: प्रत्येक चाकाजवळचा वेग मोजणारा सेन्सर आणि ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एकच पंपसंच. एका चाकाचा सेन्सर चिखलाने माखला किंवा त्याची वायर तुटली, की त्याच्यावर विसंबणाऱ्या सगळ्याच यंत्रणा माघार घेतात आणि प्रत्येकजण आपापला दिवा लावतो. म्हणजे दिवे पाच, दुखणे बहुधा एक.

अशा वेळी सपाट जागी थांबून इंजिन बंद करावे, चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल साध्या पाण्याने धुवावा आणि गाडी पुन्हा सुरू करून थोडे अंतर सावकाश चालवावी. दिवे गेले तर ठीक. न गेल्यास साधे ब्रेक बहुधा चालू असतात, पण चाके जॅम होण्यापासून संरक्षण नसते; म्हणून अंतर वाढवून, वेग कमी ठेवून गॅरेज गाठावे. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावरही ईएससीचा दिवा काही गाड्यांत राहतो आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडे सरळ चालवल्यावर विझतो. मात्र या पिवळ्या दिव्यांबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी पुढे नेऊ नये.

याच्याशी संबंधित एक गोष्ट नाशिककरांना जवळची वाटेल. ईएससी १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत प्रथम आली ती बॉश कंपनीने विकसित केलेली होती, आणि शहरातील मायको सर्कलचे नाव ज्या मायको कंपनीवरून पडले ती याच बॉशची भारतीय शाखा. २००८ मध्ये तिचे नाव बॉश झाले.

सहावी पायरी: फोर बाय फोर आणि भूभागाची चित्रे

सातपूरला महिंद्रचा कारखाना असल्याने नाशिकच्या रस्त्यांवर चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या नव्या नाहीत. त्यांचे दिवे मात्र मालकांनाही पुरते ठाऊक नसतात. दोन आकड्यापुढे ‘एच’ म्हणजे दोन चाकांवर नेहमीचे चालणे, चाराच्या आकड्यापुढे ‘एच’ म्हणजे चारही चाकांवर नेहमीच्या वेगाने, आणि चारापुढे ‘एल’ म्हणजे चारही चाकांवर फार संथ, पण भरपूर ओढ. बदल होत असताना चित्र लुकलुकते आणि पूर्ण झाला की स्थिर होते. लुकलुकणे थांबत नसेल तर दांतचाके जुळलेली नसतात. गाडी सरळ रेषेत हळूहळू थोडी पुढे-मागे न्यावी. ‘एल’साठी बहुतेक गाड्यांत पूर्ण थांबून गिअर न्यूट्रलला आणावा लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर, ज्या गाड्यांत चारचाकी जोड हाताने लावावी लागते त्यांत, ती लावून वळणे घेऊ नयेत. पुढची आणि मागची चाके वळणात वेगवेगळे अंतर कापतात, ताण धुरांवर येतो आणि स्टिअरिंग अडखळते. कसाऱ्याच्या कोरड्या घाटात म्हणूनच दोन चाकांचीच स्थिती योग्य ठरते. अत्यंत तीव्र कच्च्या उतारावर मात्र ‘एल’ आणि पहिला गिअर यांच्याइतका भरवशाचा रोध दुसरा नाही.

धुरेवर फुली असलेले चित्र डिफरन्शियल लॉकचे असते. ते लागले असताना एका धुरेवरची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे अडकलेली गाडी निघते पण वळत नाही. गाडी बाहेर येताच लॉक काढावा आणि दिवा विझल्याची खात्री करून घ्यावी.

काही गाड्यांत गोल कळ फिरवून बर्फ, चिखल, वाळू अशी चित्रे निवडता येतात. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ या गाडीत ही कल्पना आणली, तेव्हा तिच्यामागे चारही चाकांची यंत्रणा होती. आपल्याकडे मात्र अशी कळ असलेल्या पुष्कळ गाड्या फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतात. त्यांत चित्र बदलल्याने ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद आणि चाक घसरू देण्याची मुभा एवढेच बदलते. चाकांची संख्या वाढत नाही. चिखलाचे चित्र दिसते म्हणून अशी गाडी भाताच्या खाचरात घालू नये.

सातवी पायरी: उतारावर क्षणभर चमकणारा लाल दिवा

वर्तुळातील उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेक लावलेला असताना लागतो, तसाच ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. तीव्र उतारावर किंवा वळणावर तो क्षणभर लागून सपाटीवर विझत असेल, तर पुष्कळजण सुटकेचा निःश्वास टाकतात. तसे करू नये. टाकीतील ऑइलची पातळी किमान खुणेजवळ आलेली असते आणि गाडी कलली की तरंगता फ्लोट खाली जातो. पॅड झिजल्यावर पातळी अशीच हळूहळू उतरते, त्यामुळे नुसते ऑइल भरून न थांबता पॅड तपासून घ्यावेत, आणि ते घाटात जाण्यापूर्वीच. तेलाच्या झारीचे लाल चित्र चढावर लुकलुकले तर इंजिन ऑइलबाबत हाच संशय घ्यावा, मात्र ते लागताच इंजिन बंद करण्यात उशीर करू नये. मे महिन्यात चढताना लाल तापमापक दिसला तर एसी बंद करून बाजूला थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

गडावरून उतरताना

चैत्रोत्सव आणि नवरात्रात खाजगी वाहने नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावे लागते, म्हणून पहिला सराव इतर दिवशी, सकाळी लवकर करावा. निघण्यापूर्वी ऑटो होल्डचा हिरवा दिवा बंद करावा, म्हणजे हळू सरकताना गाडी अडखळणार नाही. उताराचे चित्र दिसत असेल तर तेही बंद करावे, क्रूझ कंट्रोल बंद असल्याची खात्री करावी, दुसरा गिअर टाकावा आणि वेग वाढू लागल्यावर ब्रेक ठामपणे दाबून सोडावा. पाय सतत ठेवून घासत नेऊ नये. अरुंद जागी वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. जळका वास आला तर रुंद जागा पाहून थांबावे आणि ब्रेकवर पाणी ओतू नये, कारण तापलेल्या डिस्क त्याने वाकड्या होतात किंवा तडकतात. थांबताना, गाडीचे तोंड उताराकडे असल्याने, ती इंजिन बंद करून रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी, चाके डोंगराच्या बाजूला वळवावीत, मागे दगड लावण्याऐवजी उताराच्या दिशेला, म्हणजे पुढच्या चाकापुढे लावावा, आणि किमान १५ ते २० मिनिटे थांबूनच पुढे निघावे. नांदुरीला पोहोचल्यावर मीटरकडे एकदा पाहावे. घाटात लागलेला एखादा पिवळा दिवा अजून दिसत असेल, तर त्याचा फोटो, घाटातील जागा आणि त्या वेळचा गिअर लिहून गॅरेजमध्ये दाखवावा, कारण सपाटीवर उभ्या गाडीत तो दिवा पुन्हा लागेलच असे नाही.